फाटे फोडू नकोस, असं म्हणण्याआधी



आज एका खेळाबद्दल लिहायचं आहे, पण सुरुवात गणिताने करतो. ‘१०० मीटर लांबीच्या रस्त्याच्या कडेने दर १० मीटरवर एक झाड लावले, तर एकूण किती झाडे लागतील?’ घाईतली मुलं १० म्हणतात. सुरुवातीचं झाड न विसरणारी ११ म्हणतात आणि आपण त्यांना शाबासकी देतो. मागच्या वर्षी सहावीतल्या एका मुलीने २२ लिहिलं होतं. मी लाल पेनाने फुली मारली आणि पुढचा पेपर ओढला. ही मुलगी या लेखात पुन्हा येणार आहे, म्हणून एवढं लक्षात असू द्या.

आता खेळ. माझा भाचा पुण्यात इंजिनिअरिंगला आहे. दिवाळीत तो शेवगावला आला तेव्हा चित्रविचित्र फाशांची एक थैली घेऊन आला. चार बाजूंचा फासा, आठ बाजूंचा, वीस बाजूंचा. खेळाचं नाव ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन या दोघांनी अमेरिकेत १९७४ साली तो प्रसिद्ध केला. या खेळात सोंगट्या घराघराने पुढे नेऊन कुणी जिंकत नाही. चार-पाच जण गोल करून बसतात, प्रत्येकाचं एक पात्र असतं, आणि एक जण गोष्ट चालवतो. त्याला ते डंजन मास्टर म्हणतात. आमच्या मुलांनी त्याचं ‘सूत्रधार’ केलं. सूत्रधार सांगतो, ‘समोर नदी आहे, पूल मोडलाय, काय करता?’ मुलं सांगतात काय करायचं ते. काम अवघड असेल तर वीस बाजूंचा फासा टाकायचा, त्यात पात्राच्या अंगच्या गुणाचा आकडा मिळवायचा, आणि बेरीज ठरलेल्या आकड्याइतकी किंवा जास्त आली की जमलं.

भाचा भाऊबीज आटोपून गेला. फासे आणि मुलं राहिली. तेव्हापासून रविवारी दुपारी आमच्या हॉलमध्ये सतरंजी पडते, सहावी ते आठवीची पाच मुलं येतात आणि सूत्रधार मी असतो. एका पालकांनी दबक्या आवाजात विचारलंही, ‘सर, यात जादू वगैरे असते म्हणे?’ असते. परीकथेत असते तेवढीच. फरक इतकाच की इथे जादूच्या प्रत्येक वस्तूचा नियम लिहिलेला असतो, किलो आणि मिनिटांसकट. आणि माझ्या मते या खेळातली मुलांनी वाचण्यासारखी सगळ्यात भारी गोष्ट तीच आहे.

एक वस्तू सांगतो. इंग्रजीत तिला ‘इम्मूव्हेबल रॉड’ म्हणतात, आम्ही ‘अचल दंड’ म्हटलं. लोखंडाची साधी दांडी, एका टोकाला बटण. बटण दाबलं की दांडी जिथे असेल तिथेच खिळते. हवेत सोडलीत तरी खाली पडत नाही. पुन्हा बटण दाबेपर्यंत हलत नाही. आठ हजार पौंड, म्हणजे सुमारे ३,६०० किलो वजन ती पेलते. त्याहून जास्त भार आला तर जादू बंद पडते आणि दांडी खाली पडते. कुणाला ताकदीने हलवायचीच असेल तर फाशाची बेरीज ३० यावी लागते, आणि तरी ती फार तर दहा फूट सरकते. नियम एवढाच. वाचताना कुठेही अडत नाही, हो ना? मलाही अडलं नव्हतं.

मग एका रविवारी असं झालं. गोष्टीत लुटारू गावातलं धान्य घोडागाडीत घालून पळत होते. आमची ती २२ झाडांवाली मुलगी, म्हणजे तिचं पात्र, मागून उडी मारून धावत्या गाडीत चढलं. ती म्हणाली, ‘सर, मी गाडीच्या आत दंड धरते, आडवा, आणि बटण दाबते. दंड हवेत तिथेच थांबेल, गाडी पुढे जाईल, मागची फळी दंडावर आपटेल. एक तर फळी तुटेल आणि पोती रस्त्यावर पडतील, नाहीतर गाडी थांबेल.’

मला क्षणभर काही सुचलं नाही. कारण लुटारू निसटणार, त्यांच्या मागावर मुलं डोंगरातल्या गुहेपर्यंत जाणार, अशी पुढच्या तीन रविवारांची गोष्ट मी रचून ठेवली होती. मी म्हणालो, ‘नाही. तू गाडीत आहेस, म्हणजे दंड गाडीच्या तुलनेत स्थिर राहणार. गाडीबरोबर जाईल.’ ती म्हणाली, ‘पण जागच्या जागी म्हणजे कुणाच्या जागी, सर?’ मी म्हणालो, ‘फाटे फोडू नकोस.’ खेळ पुढे गेला.

पुढच्या रविवारी तोच दंड चोरीला जाऊन एका चाच्याच्या हाती लागला होता. मुलं होडीतून नाथसागर ओलांडत होती. (नकाशा मुलांनीच काढलाय, त्यात पैठणही आहे आणि पैठणमध्ये ड्रॅगन आहे.) चाच्याने होडीत उडी घेतली, डोलकाठीच्या मागे दंड धरला आणि बटण दाबलं. मी रंगात येऊन सांगितलं, ‘दंड हवेत खिळला! होडी पुढे गेली आणि मागचा पडदा धरणारी काठी कडाड करून मोडली!’ सगळे ओरडले. ती ओरडली नाही. म्हणाली, ‘सर, गाडीत दंड गाडीबरोबर गेला होता. होडीत का नाही गेला?’

मी काय उत्तर दिलं ते लिहायला लाज वाटते, पण लिहितो. ‘होडी पाण्यावर असते, गाडी जमिनीवर असते. फाटे फोडू नकोस म्हटलं ना.’

तिसऱ्या रविवारी ती आली नाही. चौथ्यालाही नाही. तिची आई भाजी घेताना भेटली. मी सहज विचारल्यासारखं विचारलं. आई संकोचल्या. म्हणाल्या, ‘काही नाही हो सर. ती म्हणते, सरांचा नियम नेहमी सरांच्याच बाजूने असतो.’

हे वाक्य घेऊन मी घरी आलो.

माझी चूक नेमकी कुठे झाली, हे शोधायला मला वेळ लागला. नियमाचा अर्थ चुकीचा लावला, हे काही मोठं नाही. नियम खरोखरच संदिग्ध आहे, आणि हा खेळ खेळणारे जगभरचे लोक याच दंडावर वर्षानुवर्षं वाद घालत आले आहेत. खेळाचं पुस्तकही शंका आली तर निर्णय सूत्रधाराचा, असंच मानतं. चूक ही होती की एकाच वाक्याचे मी दोन अर्थ लावले, आणि दोन्ही वेळा अर्थ आधी न बघता मला काय हवंय ते आधी बघितलं. आणि ते नेमकं जिने पकडलं, तिला फाटे फोडणारी ठरवलं.

मग मी निरोप धाडला. येत्या रविवारी खेळ नाही, दंडाचा खटला आहे. ती आली. दाराजवळ बसली, चपला हाताशी ठेवून.

आधी मूळ नियम काढला. इतके दिवस सगळे माझ्या तोंडी मराठीवर भांडत होते. मी ‘जागच्या जागी’ म्हटलं होतं. भाच्याला फोन लावून मूळ इंग्रजी वाक्य शब्दाशब्दाने वाचून घेतलं आणि फळ्यावर लिहिलं. अर्थाचं भांडण करण्याआधी शब्द तरी एक हवेत. आपल्या शेजारच्या पैठणात एकनाथ महाराजांनी १५८४ साली ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली ती याच गरजेपोटी. पाठभेद झाले होते, आणि पाठच वेगळे असतील तर अर्थावर बोलणार कसं? मुलांना मी हे सांगितलं तेव्हा आठवीतला एक म्हणाला, ‘म्हणजे तुमची प्रत अशुद्ध होती.’ होती.

मग बाजू मांडणं सुरू झालं. सातवीतल्या एकाने पहिलाच बॉम्ब टाकला. स्थिर म्हणजे एकदम स्थिर, कशाच्याही तुलनेत. मी म्हटलं, बरं, मग हिशोब करू. पृथ्वी स्वतःभोवती फिरते. शेवगाव साधारण १९.३ उत्तर अक्षांशावर आहे. या अक्षांशावरची जमीन ताशी सुमारे १,५८० किलोमीटर वेगाने पूर्वेकडे चालली आहे. म्हणजे सेकंदाला सुमारे ४४० मीटर. दंड खरंच एकदम स्थिर झाला तर बटण दाबताक्षणी तो आपल्याला पश्चिमेकडे सुसाट जाताना दिसेल, आवाजापेक्षा जास्त वेगाने, भिंतीबिंती फोडत. आणि पृथ्वी सूर्याभोवती सेकंदाला सुमारे ३० किलोमीटर जाते ते अजून धरलेलंच नाही. सगळे खूश झाले. हा अर्थ सगळ्यांना फार आवडला, आणि सगळ्यांनी मिळून तो फेटाळला. कारण असा दंड कुणी हातात धरूच शकणार नाही, आणि नियम तर म्हणतो की लोक तो वापरतात.

म्हणजे कशाच्या तरी तुलनेत स्थिर. कशाच्या? ‘जमिनीच्या,’ ती दारातून म्हणाली. तेवढीच. तेव्हा आठवीतला म्हणाला, ‘पण पृथ्वी पण गाडीच आहे की! सगळ्यांना घेऊन चाललीय. दंड पृथ्वीबरोबर जातो तर होडीबरोबर का नाही जाणार?’ खरं सांगतो, हा मुद्दा मला स्वतःला सुचला नव्हता. एसटी एकसारख्या वेगाने चाललेली असताना नाणं वर उडवलं तर ते परत आपल्याच हातात पडतं, हे आपण विज्ञानात शिकवतो. गाडीच्या आत बसलेल्याला गाडी हीच जमीन. मग त्या दिवशी घोडागाडीत मी दिलेला निर्णय, चुकीच्या कारणासाठी का होईना, अगदीच अडाणी नव्हता.

ती उठून फळ्याजवळ आली. म्हणाली, ‘इथे लिहिलंय की गुरुत्वाकर्षण असलं तरी दंड पडत नाही. पडणं म्हणजे जमिनीकडे पडणं. ज्याने नियम लिहिला त्याच्या डोक्यात जमीन होती, गाडी नव्हती.’

मीमांसाशास्त्रात वाक्याचा अर्थ ठरवायची सहा साधनं सांगितली आहेत. श्रुती, लिंग, वाक्य, प्रकरण, स्थान, समाख्या. आधीचं साधन नंतरच्यापेक्षा बलवान. यज्ञाच्या विधींसाठी बसवलेली ही पद्धत आपल्याकडे पुढे धर्मशास्त्राचा अर्थ लावायलाही वापरली गेली. सहावीतून सातवीत गेलेल्या पोरीने यातलं एकही नाव ऐकलेलं नाही. पण एका शब्दाचा अर्थ शेजारच्या शब्दांवरून आणि संदर्भावरून लावायचा, हे तिने माझ्यासमोर केलं. आणि हेच मी दोनदा गप्प केलं होतं.

शेवटी ठरलं की दंड जमिनीच्या तुलनेत स्थिर. गाडीत, होडीत, घोड्यावर, सगळीकडे. मुलांना आणि चाच्यांना सारखंच. लोक ज्यावर महिनोन्‌महिने राहतात अशा अवाढव्य जहाजाचं काय, ते तसं जहाज आलं की बघू. आणि गाडीची मागची फळी आपटणं हे ‘वजन’ धरायचं की नाही, यावर आणखी अर्धा तास गेला, तो इथे सांगत नाही. धावत्या गाडीचा जोर आणि उभ्या गाडीचं वजन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एवढं त्यातून निघालं. मी विचारलं, मग त्या लुटारूंना परत आणू का? ती म्हणाली, ‘झालं ते झालं सर. पण ते चुकीने पळाले असं वहीत लिहा.’ लिहिलं.

चपला घालताना ती थांबली. ‘सर, मग ते झाडांचं?’

मला आधी कळेना. मग कळलं. पेपर कधीच रद्दीत गेले होते, पण तिला गणिताचा शब्दन्‌शब्द पाठ होता. ‘रस्त्याला दोन कडा असतात ना?’ मित्रांनो, मला आजही वाटतं की ‘कडेने’ हे एकवचन आहे आणि ११ हे उत्तर जास्त सरळ आहे. पण २२ चूक नाही. ‘एका कडेने’ असं मी लिहिलं नव्हतं. आणि माझा खरा दोष असा की २२ कुठून आले हे मी विचारलंच नाही. दुप्पट आकडा आपोआप चुकून येत नाही. तो आला, म्हणजे मुलीने वाक्य माझ्यापेक्षा सावकाश वाचलं होतं.

आता तुम्ही म्हणाल, सर, खेळ ठीक आहे, पण हे परदेशी फासे आणि ड्रॅगन हवेतच कशाला? नसले तरी चालतील. जादूच्या वस्तू आणि त्यांचे अवघड नियम आपल्या घरात भरपूर आहेत. सूर्याने युधिष्ठिराला दिलेलं अक्षयपात्र घ्या. नियम असा की रोज द्रौपदीचं जेवण होईपर्यंत त्यातलं अन्न संपायचं नाही. दुर्वास आपले शिष्य घेऊन येतात ते ती जेवून उठल्यावर. कृष्ण पात्राला चिकटलेलं भाजीचं पान आणि शीत शोधून काढतो. ही गोष्ट आपण भक्तीची म्हणून सांगतो, ती आहेच. पण सातवीच्या वर्गात मी ती नियम म्हणून मांडली. ‘जेवण झालं’ म्हणजे काय? द्रौपदीने हात धुतले की झालं, की भांडं रिकामं झालं की झालं? एक शीत उरलं असेल तर त्या दिवसापुरता नियम संपला की चालू आहे? निम्मा वर्ग इकडे, निम्मा तिकडे. मग मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं, ‘पण सर, पात्राने तर परत अन्न दिलंच नाही. कृष्णाने शीत खाल्लं आणि तिकडे नदीवर सगळ्यांची पोटं भरली. ती पात्राची जादू नाही, कृष्णाची आहे.’ इतकी वर्षं मी ही गोष्ट सांगतोय, हा भेद मी कधी केला नव्हता.

भस्मासुराचा वर हा तर व्याकरणाचा तास आहे. ‘ज्याच्या डोक्यावर हात ठेवेन तो भस्म होईल.’ या ‘ज्याच्या’मध्ये बोलणारा स्वतः येतो का? मोहिनीने ते नाचता नाचता ठरवून टाकलं. हिरण्यकशिपूने घरात नाही, बाहेर नाही, दिवसा नाही, रात्री नाही अशी यादी केली, पण उंबरठा आणि तिन्हीसांज राहून गेली. ज्याला यादीत सगळं आलं असं वाटतं त्याला ही गोष्ट वाचायला द्यावी. सरकारी परिपत्रकं लिहिणाऱ्यांनाही द्यावी, पण ते असो.

माझे एक सहकारी या सगळ्यावर नाराज आहेत, आणि त्यांचं म्हणणं टाकाऊ नाही. ते म्हणतात, ‘परीक्षेत एकच उत्तर असतं. तुम्ही पोरांना प्रत्येक प्रश्नात दोन अर्थ शोधायला शिकवलं तर ती शिष्यवृत्तीचा पेपर सोडवणार कधी? आणि घरी आईबापांशी वाद घालतील तो वेगळाच.’ दुसऱ्या भागाबद्दल काही म्हणत नाही, माझ्याही घरी तो अनुभव आहे. पहिल्या भागाबद्दल सांगतो. शिष्यवृत्ती परीक्षेनंतर पुण्याची राज्य परीक्षा परिषद आधी अंतरिम उत्तरसूची जाहीर करते, त्यावर हरकती मागवते, आणि त्या तपासून मग अंतिम उत्तरसूची काढते. म्हणजे प्रश्न संदिग्ध असू शकतो, तो काढणारा माणूस चुकू शकतो, हे परीक्षा घेणाऱ्यांनीच मान्य केलेलं आहे आणि त्यासाठी रीतसर दार ठेवलेलं आहे. त्या दारातून आत जायला नुसतं ‘माझं बरोबर आहे’ म्हणून चालत नाही. शब्द दाखवावा लागतो, कारण द्यावं लागतं. ते आपण कुठल्या तासाला शिकवतो?

पण प्रत्येक हरकत खरी नसते, हेही कबूल करायला हवं. आमच्यातच एक जण आहे, तो नियमात जे लिहिलेलं नाही ते सगळं चालतं असं धरून चालतो. ‘दंड खाता येत नाही असं कुठे लिहिलंय?’ या प्रश्नाला मी दोन मिनिटंही देत नाही. खरी शंका आणि पळवाट यांतला फरक ओळखायला आम्हाला एक सोपी कसोटी सापडली. अर्थ लावणाऱ्याला विचारायचं की हाच अर्थ शत्रूने तुझ्यावर वापरला तर तुला चालेल का? जो लगेच ‘चालेल’ म्हणतो त्याचं ऐकून घ्यायचं. जो डोकं खाजवतो त्याला फासा परत द्यायचा. ही कसोटी मुलांपेक्षा मला जास्त लागू पडली, हे वर आलंच आहे. डबा ऐसपैस खेळताना ‘टाइमप्लीज’ नेमकं कधी घेता येतं यावर आपण सगळे भांडलोय. तिथेही हेच होतं. ज्याच्यावर राज्य यायचं असतं त्याला नियम वेगळा दिसतो.

हा खेळ बनवणाऱ्यांनाही हे चुकलेलं नाही. त्यांचे तेव्हाचे एक प्रमुख नियमकार जेरेमी क्रॉफर्ड यांनी २०१५ साली लिहिलं होतं की निर्णय देताना ते तीन गोष्टी बघतात. नियम लिहिलाय कसा, लिहिणाऱ्याच्या मनात काय होतं, आणि खेळायला मजा कशात येते. मला तिसरी गोष्ट सुरुवातीला पोरकट वाटली होती. आता वाटत नाही. फक्त मजा सगळ्यांची बघायची, एकट्या सूत्रधाराची नाही.

ज्यांना हे करून बघायचं आहे त्यांच्यासाठी थोडं कामाचं. महागडी पुस्तकं घेऊ नका. खेळाच्या मूळ नियमांचा मोठा भाग, त्यात अचल दंडही आला, कंपनीने जानेवारी २०२३ मध्ये क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली खुला केला आहे. मूळ श्रेय नोंदवलं की तो उतरवून घ्यायला, मराठीत आणायला, छापून वाटायला मोकळीक आहे. मराठी तुम्हीच करा, किंवा मुलांकडून करवून घ्या. तिथेही धडा आहे. मी एका वस्तूचा नियम उतरवताना ‘पिशवीत वस्तू ठेवताना ती फाटली तर ती नष्ट होते’ असं लिहून बसलो. कोण फाटलं आणि कोण नष्ट झालं, यावर एक पूर्ण रविवार गेला. इंग्रजीत तो घोळ नव्हताच, माझ्या ‘ती’ने केला.

आणि एक वही ठेवा. आमच्या वहीचं नाव ‘निकाल वही’. खेळ चालू असताना शंका आली तर सूत्रधाराने दोन मिनिटांत तात्पुरता निर्णय द्यायचा आणि पुढे जायचं, नाहीतर बाकीची मुलं जांभया देतात. खेळ संपल्यावर शांतपणे चर्चा करायची, आणि नियम काय, दोन अर्थ कोणते, कोणता घेतला, का घेतला, तारीख, एवढं लिहायचं. ‘का’ रिकामं ठेवायचं नाही. वहीतला निकाल सूत्रधारालाही बांधील. बदलायचा तर पुन्हा चर्चा करून, आणि पुढच्या खेळापासून. दोन महिन्यांत आमची अकरा पानं भरली आहेत. अक्षर त्या मुलीचं. शुद्धलेखनाच्या चुका आहेत, पण ‘म्हणून’, ‘तरीही’, ‘अन्यथा’ हे शब्द जिथे हवे तिथेच आलेत. निबंधात ते तिच्याकडून कधी येत नव्हते.

वहीतला सगळ्यात ताजा वाद पिशवीचाच आहे. खेळात एक जादूची पिशवी असते, बाहेरून लहान, आतून ६४ घनफूट. ५०० पौंड, म्हणजे साधारण २२७ किलो सामान मावतं. श्वास घेणारे प्राणी आत ठेवले तर ते किती वेळ जगतात, तर १० भागिले प्राण्यांची संख्या, इतकी मिनिटं, पण कमीत कमी १ मिनिट. दोन कोंबड्या असतील तर ५ मिनिटं. चार असतील तर अडीच. इथे पहिली ठिणगी पडली, कारण याच खेळात आणखी एक सर्वसाधारण नियम आहे. कुठेही भागाकार केला आणि अपूर्णांक आला तर तो सोडून द्यायचा, अर्धा असला तरी. म्हणजे २ मिनिटं. ज्याची कोंबडी होती तो म्हणाला, ‘मिनिटाला तीस सेकंद असतात की अर्ध्यात! सेकंद कुठे गेले?’ सामान्य नियमाला अपवाद करायचा असेल तर पिशवीच्या नियमाने तसं सांगायला हवं होतं. त्याने फक्त कमीत कमी १ मिनिट एवढंच सांगितलंय, म्हणून २. उत्सर्ग आणि अपवाद हे व्याकरणात शिकवताना मला इतकं चांगलं उदाहरण कधी मिळालं नव्हतं. कोंबडीवाला अजून रुसलेला आहे.

आणि मागच्या रविवारी खेळ संपता संपता तिने विचारलं, ‘सर, पाण्याने भरलेल्या हंड्यात मासा असेल आणि हंडा पिशवीत ठेवला, तर मासा मोजायचा का? तो श्वास घेतो, पण पिशवीतली हवा घेत नाही.’ आठवीतला म्हणतो, पाण्यात विरघळलेला ऑक्सिजनही संपणारच, मोजायचा. ती म्हणते, मग तो पाण्याच्या हिशोबाने संपेल, पिशवीच्या नाही. मी तूर्तास मासा मोजायचा असं सांगून दिवे लावायला उठलो. ‘का’ची जागा वहीत अजून रिकामी आहे. येत्या रविवारी चार वाजता आहे. माशांबद्दल कुणाला नीट माहिती असेल तर या.